पाणी पिकायला पाच आठवडे

टाकीवाल्या बाई आमच्या विमा कार्यालयात पहिल्यांदा आल्या, तेव्हा शिपायाला वाटले नळ दुरुस्त करायला कोणी आले आहे. त्याने त्यांना थेट मोरीकडे नेले. बाईंनी गळका नळ पाहिला, पिशवीतून पाना काढला, आतली चकती बदलली, हात पुसले आणि मग विचारले, "आता माशांचं कुणाशी बोलायचं?"

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, कारण नव्या प्रतीक्षागृहाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. वय पंचेचाळीसच्या आसपास. बोटे पाण्यात राहून सुरकुतलेली, नखे मात्र अगदी स्वच्छ. नखे स्वच्छ असणारी माणसे मला आवडतात. कार्यालयात माझ्या पाठीमागे मला फूटपट्टी म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्यात मला कधी वाईट वाटलेले नाही.

त्यांची हकिगत मला थोडी त्यांच्याकडून कळली आणि बरीचशी पुढे त्यांच्या दिराकडून. नवरा काचेच्या टाक्या बनवायचा. काच तो कापायचा आणि सांधे भरायच्या या, कारण यांचा हात हलत नसे. दुकान दोघा भावांचे. नवरा काविळीने गेला आणि तेराव्या दिवसाच्या आत गल्ल्यावरची खुर्ची दिराची झाली. बाई मागच्या अंधाऱ्या खोलीत टाक्या धूत, मासे सांभाळत राहिल्या. चार वर्षे.

भांडण झाले ते मेलेल्या माशांवरून. इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे. नव्या टाकीतले पाणी दिसायला स्वच्छ असते, पण ते कच्चे असते. मासे त्यात घाण करतात, त्या घाणीचे विष होते आणि ते विष खाणारे बारीक, डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यात रुजायला चारपाच आठवडे लागतात. याला त्या धंद्यात पाणी पिकणे म्हणतात. पण गिऱ्हाईक चारपाच आठवडे रिकामी टाकी बघत बसत नाही. म्हणून दुकानदार आधी स्वस्तातले मासे सोडतो. ते घाण करतात, तडफडतात, मरतात, आणि पाणी पिकते. मग वर महागाचे मासे. त्या पहिल्या माशांना दीर पायाचे मासे म्हणत असे. इमारतीच्या पायात दगड घालतात ना, तसे.

एक दिवस त्याने पायाला म्हणून पोटुश्या मॉली काढायला सांगितल्या. बाईंनी जाळी खाली ठेवली.

"वहिनी," दीर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "दादा गेला तेव्हासुद्धा एवढा चेहरा पडला नव्हता तुमचा."

बाईंनी नवऱ्याने बनवलेली चार फुटांची एक टाकी मागितली, तेवढी घेतली आणि दुसऱ्या मजल्यावर भाड्याची एक खोली केली. घरमालक रोज विचारायचा, "बाई, माझं छत घेऊन खाली येणार का तुमचे मासे?" खोलीत नळ नव्हता. खालून कळशीने पाणी वर न्यायचे, त्यातले क्लोरीन उडावे म्हणून शिळे करायचे आणि जुने पाणी पुन्हा खाली आणून ओतायचे. दिवसभर दवाखान्यांतल्या आणि बंगल्यांतल्या टाक्या धुवायच्या. अशी दोन वर्षे गेली होती. दिराने निरोप पाठवला होता की पाण्यात राहून माशाशी वैर जमत नसते, दमलात की परत या, मागची खोली अजून तशीच आहे.

आमचे मोठे साहेब हौशी. प्रतीक्षागृहात विमेदार तासन्‌तास ताटकळतात, तर त्यांना बघायला काहीतरी असावे, ही त्यांचीच कल्पना. पुढच्या सोमवारी बाकीच्या सहा शाखांचे अधिकारी आमचे प्रतीक्षागृह बघायला येणार होते. साहेब बाईंना म्हणाले, "त्यांना आवडलं तर सहाच्या सहा शाखांत टाक्या. देखभाल वर्षभर तुमच्याकडे. पण सोमवारी माशांसकट टाकी पाहिजे."

बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. सात शाखांचे काम म्हणजे तळमजल्यावरची खोली, घरात नळ आणि दाराला स्वतःची पाटी. हे त्यांनी मला नंतर प्रतीक्षागृहात टाकीची जागा मापताना सांगितले. "दिराच्या मागच्या खोलीत जायचं नाही मला, साहेब. दुसरं काही मागत नाही." मी माप लिहून घेत होतो. मी हं म्हणालो.

साहेबांची माशांची यादी तयार होती. पुस्तकातले रंगीत फोटो पाहून खुणा केल्या होत्या.

"गोल्डफिश चार," साहेब म्हणाले.

"गोल्डफिशला गार पाणी लागतं. बाकीच्यांना कोमट. एकाच बादलीत बर्फ आणि चहा कसा राहील?"

"बरं, मग एंजल. आणि हे पट्ट्यापट्ट्याचे."

"ते टायगर बार्ब. एंजलचे लांब पंख बघितले की त्यांना राहवत नाही. आठवड्यात कुरतडून ठेवतील."

"मग एंजल आणि हे चिमुकले निळे. निऑन."

"एंजल लहान आहे तोवर शेजारी. मोठा झाला की निऑन त्याचा नाश्ता." बाईंनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली. "साहेब, माशांची पत्रिका नाही बघावी लागत. तोंड बघायचं. जो तोंडात मावतो तो सोबती नाही."

"अहो, फायटर तरी? एक?"

"फायटर एकटा बरा. त्याला आरशातला स्वतःसुद्धा सहन होत नाही."

शिपाई फिसकन हसला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, कारण साहेबांच्या केबिनमध्ये आरसा होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. बाईंच्या ते लक्षातही आले नाही. त्या आपल्या नादात सांगत होत्या. वरच्या थरात राहणारे मधाच्या रंगाचे दोन गोरामी, मधोमध कळपाने फिरणारे दहा निऑन, तळाशी वाळू हुंगणारे सहा कोरी. तिन्ही मजले वेगळे, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. कळपाने राहणारा मासा एकटादुकटा घ्यायचा नाही, तो भीतीनेच मरतो. लपायला झाडे आणि पोकळ लाकूड हवे, कारण लपायची सोय असली की मासा उघड्यावर येतो.

"आणि पाणी?" मी विचारले. "पाच आठवडे म्हणालात ना मघाशी?"

"ते मी बघते."

त्यांनी काय बघितले ते बुधवारी कळले. पाहुण्यांच्या आधीच्या सोमवारी टाकी बसवून, वाळू धुऊन, झाडे लावून पाणी भरले होते. बुधवारी बाई ओल्या फडक्यात गुंडाळून एक तपकिरी, शेवाळलेला स्पंज घेऊन आल्या. घरच्या टाकीतला. फिल्टरच्या स्पंजात ते विष खाणारे जीव राहतात. पिकलेल्या टाकीतला स्पंज नव्या टाकीत ठेवला की पाणी पाच आठवडे थांबत नाही. हा स्पंज अकरा वर्षांचा होता, नवऱ्याने बसवलेला. बाईंनी तो मधोमध कापून अर्धा आमच्यासाठी आणला होता.

"घरच्या टाकीचं काय मग?" मी विचारले.

"अर्ध्यावर भागवतील. दोनच लोच मासे आहेत, म्हातारे. खाणं कमी केलंय त्यांचं."

स्पंज टाकीच्या कोपऱ्यात बसला, हवेचे बुडबुडे सुरू झाले, आणि बाईंनी पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, तासाभराने एकेक मासा सोडला. निऑनचा कळप झाडांमधून निघाला तेव्हा टंकलेखनाच्या टेबलावरच्या दोघीजणी उठून आल्या. बाई सगळ्यांना म्हणाल्या, "आठ दिवस कुणी काही करू नका. नुसतं बघा. खायलाही मीच घालीन."

रोज सकाळी त्या यायच्या. बाटलीत पाणी घ्यायच्या, चार थेंब औषध टाकून रंग बघायच्या. पिवळा आला, म्हणजे पाण्यात विष नाही, की समाधानाने मान डोलवायच्या. शनिवारीही पिवळाच आला. "सोमवारी नऊला येते," म्हणाल्या. मला वाटते त्या जिना उतरताना गुणगुणत होत्या.

शनिवारी दुपारी दोनला कार्यालय सुटले. सोमवारची तयारी म्हणून मी आणि शिपाई मागे थांबलो. खुर्च्या एका ओळीत लावल्या, पत्रके लावली, काचा पुसल्या. सगळे आरशासारखे झाले आणि त्या सगळ्यात टाकीच्या कोपऱ्यात तो स्पंज. मोरीतल्या काथ्यासारखा. त्याच्यावर बुळबुळीत थर होता. मी खुर्चीत बसून पाहिले, उभा राहून पाहिले. कुठूनही नजर तिथेच जात होती.

"हा काढ आणि धुऊन आण," मी शिपायाला म्हणालो.

"बाई म्हणाल्यात कुणी काही करू नका."

"माशांना काही करू नका म्हणाल्या. हा मळ आहे. पाहुणे काय म्हणतील?"

"मेलं बिलं काही तर, साहेब?"

"धुतल्याने कोणी मरतं का रे?"

ते जीव स्पंजात राहतात हे मी बुधवारी ऐकले होते. ऐकले होते आणि तरीही त्या क्षणी मला तिथे फक्त मळ दिसला. चाळीस वर्षे ज्याने टेबलावर शाईचा डाग राहू दिला नाही, त्याला दुसरे काही दिसणार नाही. शिपायाने कपड्याची साबणपूड घातली, गरम पाण्यात तीनदा धुतला. धुतल्यावर कळले की स्पंज मुळात निळा होता. मी स्वतः तो कोपऱ्यात बसवला, बुडबुडे सुरू झाल्याची खात्री केली, दिवे घालवले. घरी जाऊन शांतपणे झोपलो.

सोमवारी मी पावणेनऊला पोचलो तर बाई टाकीसमोर उभ्या होत्या. निऑन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. त्यांचा निळा रंग उतरून राखाडी झाला होता. तीन तळाशी उलटे पडले होते आणि कोरी त्यांच्यावरून सरपटत हवेसाठी वर धडपडत होते. बाईंनी स्पंज बाहेर काढला, दाबला. त्यातून फेस आला.

त्या ओरडल्या नाहीत. शिपायाला कोपऱ्यात घेऊन काहीतरी बोलल्या. तो हात जोडत होता. मग अर्धे पाणी उपसले, पिंपातले शिळे पाणी ओतले आणि मला म्हणाल्या, "पाऊण तासात येते. घरचा उरलेला अर्धा आणते."

"पाहुणे साडेनऊला येणार आहेत," मी म्हणालो.

त्या गेल्यासुद्धा होत्या.

त्या आल्या तेव्हा पाहुणे आत होते. ओल्या फडक्यातून पाणी ठिबकत होते. साहेबांनी मला डोळ्यांनी खूण केली आणि मी दारात जाऊन बाईंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. पाहुण्यांसमोर ही पाण्याची सांडलवंड नको, साहेबांचे म्हणणे. बाई म्हणाल्या, "दोन मिनिटांचं काम आहे. सुकला तर यातलंही जाईल." मी म्हणालो, "थोडं थांबा." त्या दोन तास थांबल्या. मधूनमधून हाताच्या ओंजळीने स्पंजावर बाटलीतले पाणी घालत होत्या.

आत एक जाडा अधिकारी टाकीशी वाकून म्हणाला, "विमा काढला होता का हो यांचा?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "काढला असता तरी नामंजूर झाला असता. पोहता येत असून बुडाले." पुन्हा हशा. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. चहा होईपर्यंत निऑन एकही उरला नाही. गोरामींपैकी एक काचेला टेकून आडवा झाला आणि बराच वेळ कल्ले हलवत राहिला. पाहुणे त्याच्याकडे बघत बिस्किटे खात होते.

ते गेल्यावर साहेबांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावले. बाई, शिपाई आणि मी.

"तुमचा मासा मेला बाई, आणि आमची अब्रू गेली," साहेब म्हणाले. "मला शिकवत होतात. एंजल नको, फायटर नको. एंजल निदान मेले तरी दिसले असते सुंदर."

"पाणी चांगलं होतं, साहेब. शनिवारपर्यंत चांगलं होतं."

"मग शनिवारनंतर टाकीला कुणी हात लावला?"

शिपायाने खाली पाहिले. त्याच्या घरी पाच तोंडे, नोकरी हंगामी. बाईंनी त्याच्याकडे बघितले नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने बघत नव्हत्या. बसमध्ये म्हातारे माणूस उभे असले की ते बसलेल्याकडे जसे बघते, तसे. उठेल कदाचित, असे.

माझ्या निवृत्तीला तेरा महिने होते. मी फाईल उघडली आणि म्हणालो, "टाकीची साफसफाई करू नये अशी लेखी सूचना बाईंनी दिलेली दिसत नाही."

वाक्य शब्द न् शब्द खरे होते.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "लेखी काही नाही. आता उचला तुमचं सामान."

बाईंनी सामान उचलले. फडक्यातला स्पंज त्यांनी घरी नेला, पण त्याचा उपयोग झाला नाही. हे मला त्यांच्या दिराकडून कळले. तो त्याच आठवड्यात स्वतःहून आला. चांगला गप्पिष्ट माणूस, हातात दोन अंगठ्या. आमच्याकडे काय घडले ते त्याला कोणीतरी सांगितले होते आणि त्याचा आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

"वहिनी हुशार आहेत हो, पण नको तिथे," तो साहेबांना म्हणाला. "त्यांच्या घरची टाकीपण गेली. दोन्ही म्हातारे लोच आडवे. वैद्याच्याच घरी मयत." मग टाळीसाठी हात पुढे केला आणि साहेबांनी टाळी दिली.

त्याने टाकीत तीस मासे एकदम सोडले. गप्पी, मॉली, काय हाताला लागतील ते. साहेबांनी विचारले की हे जगतील का.

"मरू द्या की, साहेब. माझ्या खर्चाने मरतायत. सव्वा महिन्यात पाणी पिकलं की तुम्हाला पाहिजेत ते घालतो. एंजल म्हणा, फायटर म्हणा."

साहेब खूश झाले. टाक्यांचे काम दिराला द्यावे असे सहा शाखांनाही पत्र गेले. ते पत्र मीच तयार केले.

मरणारे मासे विमेदारांना दिसू नयेत म्हणून रोज साडेआठला, कार्यालय उघडण्याआधी, दुकानातून माणूस येऊन ते काढून नेईल असे ठरले. मी नेहमी पावणेनऊला येतो. पहिल्या दिवशी मुद्दाम थोडा लवकर आलो, कारण नव्या माणसावर लक्ष ठेवायला हवे. टाकीसमोर बाई होत्या. छातीवर दिराच्या दुकानाचे नाव छापलेला निळा सदरा. हातात जाळी, पायाशी बादली. त्या एक मेलेली मॉली काढत होत्या आणि दुसरी, अजून न मेलेली, जाळीच्या कडेला येऊन आपटत होती. तिला त्यांनी जाळीनेच हलकेच बाजूला सारले. तिची पाळी उद्याची होती.

शिपाई झाडू घेऊन मागेच उभा होता. तो मला बघून आत निघून गेला.

मी टेबलाशी बसलो. पेन्सिली नीट लावल्या. मग म्हणालो, "बाई, त्या शनिवारी मी..."

"माहीत आहे. सोमवारीच कळलं मला."

"मग केबिनमध्ये बोलला का नाहीत?"

"त्याने पाय धरले होते माझे. त्याचं नाव घेता येत नव्हतं." त्यांनी जाळी बादलीत झटकली. "आणि तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

मी विचारले, "भाड्याची खोली?"

"सोडली. दुकानाच्या मागे झोपते."

सांगण्यात कुठे रडगाणे नव्हते, टोमणाही नव्हता. मला तो टोमणा असता तर बरे वाटले असते. त्यांनी काचेवरून फडके फिरवले, बाटलीत पाणी घेतले, औषधाचे थेंब टाकले. पाणी गडद हिरवे झाले. त्यांनी ते उजेडात धरून पाहिले आणि बादलीत ओतून दिले.

"अजून किती दिवस असं?" मी विचारले.

"इथं महिना. मग दुसरी शाखा, मग तिसरी. सहा आहेत ना." त्यांनी बादली उचलली. बादली जड होती. मेलेले मासे पाण्यावर फिरत होते. माझ्या खुर्चीपासून मोरीकडे जाणारी वाट अरुंद आहे, ती टेबले मीच तशी लावली आहेत.

"जरा पाय घ्या, साहेब," त्या म्हणाल्या.

मी पाय वर घेतले. त्या बादली घेऊन गेल्या.